भाड्याची गाडी परत केली, आठवड्याने वाढीव बिल आलं: कुठे चुकतं आणि कसं अडवायचं

आमच्याकडे स्वतःची गाडी नाही. पुण्यात ती रोज लागत नाही आणि सोसायटीत लावायला जागाही नाही, म्हणून वर्षातून पाच-सहा वेळा भाड्याने घेतो. गाडी नवरा चालवतो, हिशोब मी बघते. माझं कामच अकाउंट्सचं आहे, तरीही पहिली दोन वर्षं दर फेरीला तोच प्रकार व्हायचा. गाडी परत करताना सगळे हसतमुख असायचे, आठ दिवसांनी डिपॉझिटमधून पैसे कापल्याचा मेसेज यायचा आणि तोवर आपल्या हातात दाखवायला काही उरलेलं नसायचं.

एक उदाहरण आकड्यांसकट सांगते. कोल्हापूर, जोतिबा, पन्हाळा अशी दोन दिवसांची फेरी होती आणि डिपॉझिट ₹५,००० दिलं होतं. परत आले ₹२,१४०. कापलेल्या ₹२,८६० चा हिशोब असा: टोल ₹१,०६०, पेट्रोल ₹९००, उशिरा परत केल्याबद्दल ₹९००. टोलची यादी मागितली तेव्हा तिच्यात खालापूरचं नाव दिसलं. पुण्याहून कोल्हापूरला जाताना खालापूर लागतं कुठे? ते मुंबईच्या वाटेवर.

या तीन ओळींपैकी दोन मी सोडवून घेऊ शकले, एक नाही. का, ते पुढे येईलच.

चूक होते कशी

भाड्याच्या गाडीचं बिल मुख्यतः चार नोंदींवर उभं असतं: वेळ, किलोमीटर, इंधनाचा काटा आणि फास्टॅग. या चारही नोंदी गाडीवाल्याच्या हातात असतात. फास्टॅग त्याच्या खात्याला जोडलेला असतो, टोल कापल्याचा एसएमएस त्याच्या मोबाईलवर जातो, गाडी परत आल्याची वेळ त्याचा माणूस टाकतो. त्यात एक गाडी आठवड्यात तीन-चार गिऱ्हाइकांकडे फिरते. बिल करणारा आणि गाडी ताब्यात घेणारा माणूस बहुतेक वेगळा असतो. मला आलेल्या चुकीच्या बिलांपैकी बरीचशी लबाडीची नव्हती, एका गिऱ्हाइकाची नोंद दुसऱ्याच्या खात्यात पडलेली होती. पण भुर्दंड तर आपल्यालाच बसतो. म्हणून या चार नोंदींची आपली स्वतःची प्रत हवी. गाडी घेताना एकदा आणि देताना एकदा, दोन्ही वेळा पाच-पाच मिनिटं लागतात.

टोल

सगळ्यात जास्त घोळ मी इथेच पाहिले आहेत. उपाय सोपा आहे: 'टोल ₹१,०६०' अशी एका ओळीची रक्कम मान्य करायचीच नाही. फास्टॅग देणाऱ्या बँकेचं स्टेटमेंट मागायचं. त्यात प्रत्येक नाक्याचं नाव, तारीख, वेळ आणि रक्कम असते. गाडीवाल्याला ते काढायला दोन मिनिटं लागतात, 'मिळत नाही' हे उत्तर खरं नसतं.

मग नाके मोजायचे. पुणे ते कोल्हापूर चार नाके: खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी. जाऊन-येऊन आठ नोंदी. आमच्या यादीत त्याहून जास्त होत्या, आणि जास्तीच्या होत्या त्या एक्सप्रेसवेच्या. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेचा मोटारीचा एकेरी टोल एप्रिल २०२३ पासून ₹३२० आहे, आणि तेवढेच आमच्या माथी आले होते. कारण नंतर कळलं. गाडी नाक्यावरून गेल्याची वेळ वेगळी आणि पैसे खात्यातून कापले गेल्याची वेळ वेगळी असू शकते. आमच्या आधीचं गिऱ्हाईक मुंबईहून आलं होतं, त्याचा टोल उशिरा कापला गेला, आणि बिल करणाऱ्याने कापल्याची तारीख बघून तो आमच्यात धरला. म्हणून स्टेटमेंटमध्ये गाडी नाक्यावरून गेल्याची वेळ शोधायची.

आणखी काही खुणा लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. राष्ट्रीय महामार्गावर त्याच नाक्यावरून २४ तासांच्या आत परत आलात तर दोन्ही फेऱ्या मिळून एकेरीच्या दीडपट टोल लागतो. तुम्ही सकाळी जाऊन रात्री आलात आणि बिलात दोन्ही वेळा पूर्ण रक्कम दिसली, तर समजा की बिल स्टेटमेंटवरून केलेलं नाही, दरफलकावरून अंदाजाने केलेलं आहे. दुसरं म्हणजे मुंबईत शिरतानाचे वाशी, ऐरोली, दहिसर आणि मुलुंडचे दोन असे पाचही नाके हलक्या वाहनांना १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मोफत आहेत. त्यानंतरच्या मोटारीच्या बिलात 'मुंबई एन्ट्री टोल' असेल तर ती ओळ सरळ खोडायला सांगा. काही जणांच्या बिलाच्या तयार साच्यात ती अजून राहिलेली असते.

निघण्याआधी फास्टॅगमध्ये शिल्लक किती, हेही विचारा आणि उत्तर मेसेजवर घ्या. टॅग बंद पडला किंवा शिल्लक संपली तर नाक्यावर भुर्दंड तुम्ही भरता. १५ नोव्हेंबर २०२५ पासून राष्ट्रीय महामार्गांवर चालू फास्टॅग नसेल तर रोखीने दुप्पट आणि यूपीआयने सव्वापट टोल पडतो. असा जादा टोल भरावा लागला तर पावती जपून ठेवा आणि जादाची रक्कम गाडीवाल्याच्या खात्यावर टाकायला सांगा. टॅग त्याचा आहे.

मी फेरीआधी मोबाईलमध्ये गुगल मॅप्सची टाइमलाइन चालू करते. आपण कोणत्या वेळी कुठे होतो हे त्यात राहतं, टोलच्या यादीशी ताडून बघायला उपयोगी पडतं.

वेळ

आमच्यावर उशिराचे ₹९०० कसे लागले? आम्ही गाडी रात्री पावणेनऊला नेऊन लावली. ऑफिसमधला माणूस निघून गेला होता, चावी वॉचमनने घेतली. नोंद झाली दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि मधले तास आमच्या नावावर चढले.

आम्ही गाडी लावल्यावर डॅशबोर्डचा फोटो काढला होता. त्यात घड्याळ आणि किलोमीटर दोन्ही दिसत होतं आणि काचेतून मागे त्यांचा फलकही दिसत होता. तेव्हा तो फोटो सहज काढला होता, आता मुद्दाम काढते आणि तिथे उभी असतानाच पाठवते. वॉचमनच्या हाती चावी देणं टाळता येत नसेल तर सोबत एक ओळ टाकायची: 'गाडी ८.४७ ला तुमच्या जागेवर लावली, चावी वॉचमनकडे दिली, मीटर इतके.' ऑफिस किती वाजता बंद होतं हे बुकिंग करतानाच विचारलेलं बरं. संध्याकाळी सातला बंद होणाऱ्या ठिकाणी रात्री दहापर्यंतचं बुकिंग घेण्यात अर्थ नाही.

इंधन

इथे मी हरले. 'जेवढं दिलं तेवढं परत करा' असा नियम होता. आम्ही वाटेत पेट्रोल भरलं, पण गाडी घेताना काटा कुठे होता याचा फोटो नव्हता. ते म्हणाले टाकी पाऊण होती, आमच्या आठवणीप्रमाणे अर्धी. फोटो नाही म्हटल्यावर बोलणं संपलं, ₹९०० गेले.

काट्याचा फोटो गाडी सुरू करून, सपाट जागेवर काढायचा. चढावर उभ्या असलेल्या गाडीचा काटा फसवतो. ज्या गाड्यांमध्ये काट्याऐवजी आठ दांड्या दिसतात तिथे फरक मोठा पडतो: स्विफ्टची टाकी ३७ लिटरची, म्हणजे एक दांडी सुमारे साडेचार लिटर. दांडी नुकतीच लागलेली आहे की विझायला आलेली, हे बाहेरून कळत नाही. म्हणून परत करण्याआधी जवळच्याच पंपावर भरा, पंपाची छापील पावती घ्या आणि पावतीसकट डॅशबोर्डचा फोटो काढा. कमी भरलेल्या पेट्रोलचे पैसे कापलेच तर किती लिटर आणि काय दराने, हे विचारा. पंपाच्या दरापेक्षा जास्त लावायचं असेल तर ते करारात लिहिलेलं पाहिजे.

ओरखडे आणि पोचे

धुळीने माखलेली गाडी ताब्यात घेऊ नका. ओरखडे धुळीखाली लपतात आणि परत केल्यावर गाडी धुतली की 'नवे' दिसू लागतात. निदान फडकं मारून द्यायला सांगा. रात्री घेत असाल तर टॉर्च लावा.

व्हिडिओ न थांबवता एका दमात काढा. सुरुवात नंबरप्लेटपासून, मग एक पूर्ण चक्कर, चारही चाकांच्या रिमा, दोन्ही बंपरांच्या खालच्या कडा, आरसे, पुढची काच, टप. बंपरच्या खालच्या कडेला सगळ्यात जास्त वाद होतात, कारण गतिरोधकावर घासलेलं कुणालाच दिसत नाही. वाकून खालून घ्या. मग डिकी उघडून स्टेपनी आणि जॅक आहे का ते दाखवा. शेवटी आत बसून मीटर, काटा आणि पेटलेले दिवे.

हा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर गाडीवाल्याला त्याच वेळी पाठवा, म्हणजे त्याला कधी मिळाला याची नोंद राहते. पण मूळ फाइल मोबाईलमधून पुसू नका. व्हॉट्सॲपवरून गेलेली प्रत आकसते आणि फोटोत दडलेली तारीख-वेळेची माहितीही त्यात राहत नाही. मूळ फाइल स्वतःच स्वतःला ईमेल करून ठेवली की निश्चिंत.

खरंच आपल्याकडून लागलं असेल तर लपवू नका, पण 'पोचा ₹८,०००' अशी तोंडी रक्कमही देऊ नका. गॅरेजचं पक्कं बिल मागा आणि विम्याचा दावा केला का ते विचारा. विमा कंपनीने दुरुस्तीचे पैसे दिले असतील तर तेच पैसे पुन्हा तुमच्याकडून घेता येत नाहीत. करारात ठरलेला तुमचा वाटा तेवढा तुम्ही द्यायचा.

चलन

एक्सप्रेसवेवर जुलै २०२४ पासून कॅमेऱ्यांची यंत्रणा आहे आणि ई-चलन गाडीच्या मालकाच्या नावावर जातं, तेही काही दिवसांनी. चलनावर तारीख, वेळ, जागा आणि फोटो असतो. तो कागद बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. वेळ आपल्या बुकिंगमधली आहे का, एवढंच आधी बघायचं. आपलंच असेल तर दंड सरकारी पोर्टलवर स्वतः भरा आणि पावती गाडीवाल्याला पाठवा. त्याच्या हातात दिलेले पैसे पोर्टलवर भरले गेले का, हे मग कोण बघणार?

ड्रायव्हरसह गाडी घेता तेव्हा

हे गणित वेगळं आहे आणि इथे पुष्कळदा बिल नियमाप्रमाणे बरोबर असतं, नियमच आपल्याला माहीत नसतो. बाहेरगावच्या भाड्यात रोजचे किमान किलोमीटर ठरलेले असतात, बहुधा २५० किंवा ३००. आणि 'दिवस' म्हणजे बऱ्याच ठिकाणी रात्री बारा ते रात्री बारा.

पुण्याहून गणपतीपुळ्याला निघालात. शुक्रवारी रात्री साडेनऊला निघून परत आलात रविवारी रात्री, म्हणजे घड्याळाप्रमाणे सोमवारी पहाटे १२.४० ला. गाडी फिरली ७२० किलोमीटर. आता शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सोमवार असे चार दिवस झाले. ३०० च्या हिशोबाने १,२०० किलोमीटरचं भाडं. किलोमीटरला ₹१३ धरले तर ₹१५,६००, शिवाय चार दिवसांचा ड्रायव्हर भत्ता. तीच फेरी शनिवारी पहाटे पाचला निघून रविवारी रात्री अकराच्या आत संपवली तर दोन दिवस धरले जातात. किमान ६०० पेक्षा प्रत्यक्ष ७२० जास्त, म्हणून भाडं ७२० चं: ₹९,३६०. फरक सहा हजारांच्या वर, तोही शुक्रवारचे अडीच तास आणि सोमवारची चाळीस मिनिटं यांच्यामुळे.

म्हणून गाडी ठरवताना फोनवर 'किलोमीटरला काय घेता' एवढंच विचारून थांबू नका. दिवस कसा धरता, रोजचे किमान किती, भत्ता किती, रात्रीचा वेगळा किती वाजल्यानंतर, आणि मीटर कुठून सुरू: आमच्या दारातून की तुमच्या गॅरेजमधून? 'गॅरेज टू गॅरेज' असेल तर गॅरेज कुठे आहे तेही विचारा. हडपसरला राहणाऱ्याने निगडीची गाडी मागवली की साठ-सत्तर किलोमीटर नुसते येण्याजाण्यात धरले जातात. गाडी दारात आली की ड्रायव्हरदादांना विचारून मीटरचा फोटो घ्या. मी तसं स्पष्ट सांगते, 'दादा, हिशोबासाठी घेतेय.' आजवर कुणी वाईट मानून घेतलं नाही. उलट दादांनाही बरं पडतं, कारण ऑफिसने किलोमीटर कमी धरले तर त्यांचंही नुकसान होतं.

बिलाचा कागद

जीएसटी लावला असेल तर बिलावर १५ अक्षरांचा क्रमांक हवाच. महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो, गोव्यातला ३० ने, आणि तो खरा आहे का हे जीएसटीच्या पोर्टलवर कुणालाही बघता येतं. क्रमांक नसलेल्याला जीएसटी आकारण्याचा हक्क नाही. परत मिळणाऱ्या डिपॉझिटवरही जीएसटी लागत नाही.

ॲपवरून बुकिंग करताना पैसे भरण्याआधीच्या पानावर विमा, रस्त्यावरची मदत, देणगी असल्या खुणा आधीच केलेल्या असतील तर काढून टाका. गिऱ्हाइकाला न विचारता अशा वस्तू बिलात घुसवणं हा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार गैरप्रकार आहे.

गोव्यात आणि आता कोकणातही पांढऱ्या पाटीच्या खाजगी गाड्या स्वस्तात मिळतात. घेऊ नका. स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीला काळी पाटी आणि पिवळी अक्षरं असतात. खाजगी गाडी भाड्याने देणं कायद्यात बसत नाही, अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते, आणि बिलाचा वाद झाला तर दाखवायला पक्का कागदच नसतो.

परदेशात

आपल्याला ओटीपीची सवय आहे. ओटीपी आला नाही म्हणजे पैसे जाणार नाहीत, असं वाटतं. परदेशातली कंपनी तुमच्या कार्डावर नंतरही ओटीपीशिवाय रक्कम टाकू शकते. माझ्या बहिणीला दुबईची फेरी संपवून घरी आल्यावर हे कळलं. तिथल्या सालिक टोलचा दर ३१ जानेवारी २०२५ पासून वेळेप्रमाणे बदलतो: गर्दीच्या वेळी ६ दिरहम, एरवी ४, आणि पहाटे १ ते ६ मोफत. तिला सगळ्या फेऱ्या एकाच चढ्या दराने लावल्या होत्या. वेळेसकट यादी मागितल्यावर बिल कमी झालं. परत आल्यावर कार्डाचे परदेशी व्यवहार ॲपमधून बंद करून टाकण्याआधी डिपॉझिटची अडकवलेली रक्कम सुटली का, तेही बघा. आणि काउंटरवर 'रुपयांत घेऊ का' विचारलं तर तिथल्याच चलनात घ्या म्हणा, रुपयांचा दर ते त्यांच्या सोयीचा लावतात.

तरीही चुकीचं बिल आलं तर

फोनवर भांडू नका, लिहा. मी पाठवते तो मेसेज साधारण असा असतो:

'नमस्कार. बुकिंग क्रमांक अमुक. आपण डिपॉझिटमधून ₹२,८६० कापले आहेत. (१) टोल: फास्टॅग स्टेटमेंटमधल्या खालापूर-तळेगावच्या नोंदी आमच्या बुकिंगच्या वेळेतल्या नाहीत, ₹३२० परत करावेत. (२) उशीर: गाडी ८.४७ ला आपल्या जागेवर होती, फोटो सोबत, ₹९०० परत करावेत. (३) इंधन: किती लिटर व काय दराने ते कळवावे. सात दिवसांत उत्तर अपेक्षित आहे.'

प्रत्येक ओळ वेगळी, प्रत्येकीला रक्कम आणि पुरावा. जे खरंच आपलं आहे ते मान्य करा, म्हणजे बाकीच्याला वजन येतं.

सात दिवसांत काही झालं नाही तर कार्डाने पैसे भरलेले असल्यास बँकेकडे त्या व्यवहाराबद्दल तक्रार नोंदवा, हेच कागद जोडून. सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर. तक्रार क्रमांक मिळतो, आणि तो मेसेजमध्ये टाकला की बऱ्याच जणांचं उत्तर त्याच दिवशी येतं. रक्कम मोठी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. सेवेसाठी दिलेली रक्कम ₹५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, अर्ज ई-जागृती पोर्टलवरून करता येतो, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येतो, आणि मुदत दोन वर्षांची आहे. गाडी गोव्यात घेतली म्हणून गोव्यात खेटे घालावे लागत नाहीत.

आमचे ₹१,२२० तक्रार करावी न लागता पाचव्या दिवशी परत आले. पेट्रोलचं उत्तर मात्र 'पाव टाकी कमी' एवढंच आलं, आणि त्यावर माझ्याकडे बोलायला फोटो नव्हता.